तुरुंगातून सुटल्यानंतरची सोबत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छत्रपती संभाजीनगर, जालना आणि बीड या तीन जिल्ह्यांत आम्ही चौदा जण हे काम करतो. कुणी प्रोटेस्टंट, कुणी कॅथलिक, दोघं पेंटेकॉस्टल. संस्था नाही, पाटी नाही, पावतीपुस्तक नाही. लोक फोन करून तेच ते विचारतात आणि मला फोनवर नीट सांगता येत नाही. मी एसटीत कंडक्टर होतो. मोठ्याने बोलायची सवय गेली नाही, त्यामुळे समोरच्याला वाटतं मी रागावलोय. म्हणून लिहून ठेवलं.

तुम्ही नेमकं करता काय?

तुरुंगातून सुटलेल्या माणसाला वर्षभर धरून राहतो. आठवड्यातून एक भेट, दोन फोन, आणि तहसील, बँक, कोर्ट, दवाखाना अशा ज्या ज्या ठिकाणी एकट्याने जाताना त्याचे पाय मागे येतात तिथे बरोबर जाणं. प्रार्थना त्याने मागितली तर. बायबल त्याने विचारलं तर.

इंग्रजी अहवालांत असं करणाऱ्याला मेंटॉर म्हणतात. आम्ही 'सोबती' म्हणतो. आधी 'मार्गदर्शक' म्हणायचो, तो शब्द टाकून दिला. ज्याला आठ-दहा वर्षं रोज कुणीतरी सांगितलंय की इथे उभा राहा, तिथे बस, त्याला आणखी एक रस्ता दाखवणारा नकोच असतो.

सुटकेच्या दिवशी काय होतं?

हा प्रश्न नातेवाइकांचा असतो, आणि बहुतेक वेळा आदल्या रात्री साडेदहाला येतो.

हर्सूलच्या मध्यवर्ती कारागृहाबाहेर मी पुष्कळदा उभा राहिलोय. शिक्षा पुरी झालेल्याची तारीख आधी कळते. जामिनावर सुटणाऱ्याचं तसं नाही. कोर्टाचा आदेश आत पोहोचला, कागद जुळले, की मग. सकाळी दहाला जाऊन उभं राहावं आणि दिवे लागावेत, असंही होतं. डबा न्यावा. दोघांचा न्यावा.

अटकेच्या वेळी अंगावरच्या वस्तू जमा करून घेतलेल्या असतात, त्या सुटताना सही घेऊन परत देतात. जन्मठेप भोगून एक जण बाहेर आला, हातात नायलॉनची पिशवी. पिशवीत अटकेच्या दिवशीचा शर्ट, बंद पडलेलं घड्याळ आणि चपला. चपला पायात घातल्या, चार पावलं चालला आणि एकीचा तळ शिळ्या पावासारखा चुरा होऊन डांबरावर पडला. इतकी वर्षं गाठोड्यात पडून रबर कुजलं होतं. तो खाली बसला आणि ते तुकडे वेचायला लागला.

मी म्हटलं, "राहू दे बाबा, इथं कोण ओरडतंय."

तो म्हणाला, "सवय हाय मामा."

अनवाणीच रिक्षात बसला. सिडको बसस्थानकाजवळ रस्ता ओलांडताना त्याने माझी बाही धरली, पन्नाशीच्या माणसाने. चहा सांगितला तर पोऱ्याने विचारलं, "कट का फुल?" आणि हा माझ्या तोंडाकडे बघत बसला. आत जे मिळेल ते घ्यायचं असतं. मी काही बोललो नाही. पोऱ्या वैतागला, पण शेवटी 'फुल' सुटून आलेल्यानेच सांगितलं.

पहिल्या दिवशी जेवण, घरी एक फोन, चपला, आणि अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोहोचवणं, एवढंच करतो. हारतुरे नाहीत, फोटो नाहीत, सभा नाही. एका उत्साही मंडळीने, म्हणजे चर्चने, सुटलेल्याच संध्याकाळी माणसाला पुढे उभं करून "साक्ष द्या", म्हणजे देवाने तुझ्यासाठी काय केलं ते सगळ्यांना सांग, म्हटलं होतं. तो उभ्या उभ्या थरथरत होता. पुढच्या रविवारी आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

आत असतानाच भेटता येतं का?

येतं, पण आमच्यासारख्यांना ते हक्काने मिळत नाही. नातेवाईक आणि वकील 'मुलाखती'ला जाऊ शकतात. बाहेरच्या स्वयंसेवकाला कारागृह प्रशासनाची परवानगी लागते. ती मिळायला वेळ लागतो, कधी मिळतही नाही. अधिकाऱ्यांच्या जागी राहून पाहिलं तर त्यांचंही चूक नाही.

मिळाली तर सुटकेच्या आधी तीन-चार भेटी व्हाव्यात. दारावर उभा असलेला माणूस मग अगदीच परका राहत नाही. कॅथलिकांमध्ये हे काम जास्त शिस्तीने चालतं. त्यांची प्रिझन मिनिस्ट्री इंडिया १९८१ मध्ये केरळात सुरू झाली. तिचे आश्रयसंत मॅक्सिमिलियन कोल्बे, जे १९४१ मध्ये आउशवित्झच्या छळछावणीत दुसऱ्या कैद्याच्या जागी मरायला पुढे झाले. आत जाताना आमचा नियम एकच: काही न्यायचं नाही, काही आणायचं नाही. चिठ्ठीसुद्धा नाही. बायकोला निरोप सांगा म्हटलं तरी आधी अधिकाऱ्याला विचारायचं.

शिक्षा झालेल्यांसाठीच, की कच्च्या कैद्यांसाठीही?

दोघांसाठी. देशातल्या तुरुंगांत चारांतले साधारण तीन जण कच्चे, म्हणजे खटला अजून चालू असलेले. आपल्याकडे लोक 'जेलमध्ये होता' एवढंच धरतात. निर्दोष सुटला तरी शिक्का तोच.

कच्च्या कैद्याबरोबरचं काम जास्त दगदगीचं. पक्क्याची शिक्षा संपलेली असते. याची तारीख पुढच्या महिन्यात पुन्हा असते, त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा. सोबत्याच्या वहीत पहिल्या पानावर कोर्टाच्या तारखा असतात, वाढदिवस नंतर.

वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, कच्च्याला आणि पक्क्यालाही. पैशाअभावी जामीन अडकला असेल तर केंद्राची गरीब कैद्यांसाठीची २०२३ ची साहाय्य योजना आहे, तीही विचारा. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ ला सांगून ठेवलंय की जामीन मंजूर होऊनही महिनाभरात हमीपत्र देता आलं नाही, तर कोर्टाने आपणहून अटी सैल करण्याचा विचार करावा. हे वकिलाला आठवण करून द्यायला लाजू नका.

तुम्ही जामीनदार राहता का?

नाही.

हा नियम आमचा सगळ्यांत कठोर आहे आणि यावरून शिव्याही खाल्ल्यात. "ख्रिस्ती म्हणवता आणि सातबारा द्यायला मागे सरता?" असं एका आईने तोंडावर विचारलं. पण जामीनदार झाला की सोबत्याचा जीव त्याच्या शेतात अडकतो. समोरचा एक तारीख चुकला की हा रात्री झोपत नाही, आणि दुसऱ्या दिवशी भेटायला जातो तो पाळत ठेवायला जातो. जात मुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच हमीवर, सुटका होईल का ते वकिलाला विचारतो, नातेवाइकांना समजावतो, ऐपतीच्या दाखल्यासाठी तहसीलच्या रांगेत उभे राहतो. सही मात्र करत नाही.

जन्मठेपवाला चौदा वर्षांनी आपोआप सुटतोच ना?

नाही. जन्मठेप म्हणजे उरलेलं आयुष्य. ज्या गुन्ह्याला फाशीचीही तरतूद आहे त्यात जन्मठेप झाली, तर चौदा वर्षं प्रत्यक्ष भोगल्याशिवाय सरकारला सोडता येत नाही, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. पुढे सोडायचं की नाही, कधी, हे सरकार प्रकरण पाहून ठरवतं. कितीतरी घरांनी चौदावं वर्ष धरून लग्नं लांबवलेली मी पाहिलीत.

संचित रजा, अभिवचन रजा यांवर घरी आलेल्याची सोबत करता का?

म्हणजे फर्लो आणि पॅरोल, शिक्षा चालू असताना मधेच मिळणारी रजा. हो, बोलावलं तर. ही रजा नियमांखाली मिळते आणि वेळेत परत हजर होणं हाच तिचा सगळा जीव. परत जायच्या दिवशी सकाळी आम्ही घरी जाऊन बसतो. त्या दिवशी घरात कुणीतरी रडतं, कुणाला तरी ताप येतो, आणि "एक दिवसाने काय होतंय" असं कुणीतरी म्हणतंच. एक दिवसाने बरंच काही होतं. पुढची रजा जाते, शिक्षेतून माफ झालेले दिवस जातात, आणि फरार म्हणून नवा गुन्हा लागतो तो वेगळाच.

पहिल्या महिन्यात कसली कामं निघतात?

कागदांची. आत्म्याची कामं नंतर.

मोबाइल नंबर बंद पडून कंपनीने दुसऱ्याला दिलेला असतो. आधारला तोच जोडलेला. त्यामुळे याचा ओटीपी परभणीतल्या कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या फोनवर जातो. एकदा आम्ही त्या नंबरवर फोन लावला. पलीकडे एक आजीबाई. त्यांनी चष्मा शोधून, नातवाला हाक मारून, आकडा वाचून दाखवला, आणि वर विचारलं, "पोराचं काम झालं का?" असा प्रकार दर वेळी जमत नाही, आणि खरं तर करूही नये. आधार केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे देऊन नवा नंबर जोडून घ्या.

बँक खात्यात दोन वर्षांहून जास्त काळ व्यवहार नसेल तर ते निष्क्रिय होतं. केवायसी पुन्हा द्यावं लागतं. खातं चालू करून देण्याचे पैसे बँकेला घेता येत नाहीत. शिधापत्रिकेवरून नाव कमी झालेलं असतं, कधी घरच्यांनीच केलेलं. मतदार यादीत नाव नसेल तर नमुना ६ भरायचा. तुरुंगात असताना मत देता येत नाही, बाहेर आल्यावर येतं. हे बहुतेकांना ठाऊकच नसतं. मतदान केंद्रावर शाई लावलेलं बोट एकाने मला दिवसभर दाखवलं.

खिडकीवरच्या बाबूने "इतकी वर्षं कुठं होता?" असं विचारलं की काय म्हणायचं, याची आधी घरी तालीम करतो. उत्तर: "बाहेरगावी होतो, आता परत आलोय." खोटं नाही, आणि त्या खिडकीला तेवढं पुरतं.

गावात परत जावं की शहरात राहावं?

याचं एक उत्तर नाही, आणि ज्याच्याकडे एक उत्तर आहे त्याचं ऐकू नका.

आमच्याकडे येणाऱ्या मारामाऱ्या-खुनांत बांधाचं भांडण फार. बांध कुठे जात नाही. ज्याचा माणूस गेला त्याचं घर आणि ज्याने मारला त्याचं घर एकाच पाणंदीवर, एकाच पिठाच्या गिरणीवर, एकाच जत्रेत. शिक्षा भोगून आलेल्याच्या मनात हिशेब पुरा झालेला असतो, समोरच्या अंगणात तो झालेला नसतो. त्यातून इकडे भावकीने जमीन कसायला घेतलेली असते आणि "तू आलास कामून?" हा प्रश्न कुणी विचारत नसलं तरी तो ऐकू येतो.

म्हणून गावी जायच्या आधी सोबती एकटा जातो. सरपंच, पोलीस पाटील, घरचे, आणि जमलं तर समोरच्या घराच्या एखाद्या नातेवाइकाला भेटतो. मागणं काही मागायचं नाही. फक्त "तो येणार आहे, या तारखेला, आणि तुमच्या दारावरून जाणार नाही" एवढं सांगायचं. दोनदा असं झालं की समोरच्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सहा महिने येऊ देऊ नका." आम्ही नाही येऊ दिलं. शहरालगत वाळूजला खोली करून दिली.

आम्हा ख्रिस्ती लोकांपुढे याला जुना दाखला आहे. बायबलमधला प्रेषित पौल स्वतः कैदेत असताना अनेसिम नावाच्या पळून आलेल्या दासाला त्याच्या धन्याकडे परत पाठवतो, पण मोकळ्या हाताने नाही. बरोबर पत्र देतो, आणि त्यात लिहितो की याचं काही देणं असेल तर माझ्या नावावर मांड. पाळक लोक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, यावर प्रवचन छान करतात. मला त्यातला टपालाचा भाग आवडतो. माणूस पोहोचायच्या आधी शब्द पोहोचायला हवा.

पीडित कुटुंबाने माफ करावं असं तुम्ही सांगता का?

नाही, आणि कुणी सोबत्याने सांगितलं तर त्याला थांबवतो.

शेजारच्या मध्य प्रदेशातली गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. सिस्टर राणी मारिया यांचा २५ फेब्रुवारी १९९५ ला देवास जिल्ह्यात बसमध्ये खून झाला. त्यांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, हिने २००२ मध्ये तुरुंगात जाऊन मारेकरी समुंदर सिंह याला राखी बांधली. त्याच्या सुटकेसाठी त्या घराने शब्द टाकला, आणि २००६ मध्ये तो सुटला. राणी मारियांना २०१७ मध्ये इंदूरला 'धन्य' घोषित केलं, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी. मोठी गोष्ट आहे. पण ती मी सुटून आलेल्याला सांगतो, कारण त्याला वाटत असतं की आपलं तोंड कुणी बघणार नाही. ज्यांच्या घरचं माणूस गेलं त्यांच्या ओट्यावर बसून ती सांगायची नसते. सेल्मी पॉलला राखी घेऊन जा असं कुणी सांगितलं नव्हतं.

काम मिळतं का?

मिळतं, पण ज्याच्यामागे 'पोलीस व्हेरिफिकेशन' लागतं ते नाही. शेंद्रा-वाळूजच्या मोठ्या कारखान्यांत ठेकेदार आधी तोच कागद मागतो. जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये, बांधकामावर, गॅरेजात, हॉटेलात कमी विचारतात. आतमध्ये सुतारकाम, शिलाई, विणकाम शिकलेले असतात. पैठणच्या खुल्या कारागृहातून आलेल्याचा हात शेतीत बसलेला असतो आणि, हे मुद्दाम सांगतो, त्याचा जीवही जरा सैल असतो. भिंतीशिवाय राहायची सवय लागलेली असते.

मालकाला सगळं सांगायचं की नाही? आम्ही म्हणतो, मालकाला सांगा, कामगारांना नको. न सांगता लागलेला माणूस तिसऱ्या महिन्यात कुणीतरी ओळखतो आणि मग हिशेबही न घेता निघून जातो.

बीडकडच्यांचं वेगळंच. सुटून आला की डोक्यावर वकिलाचं देणं, घराचं देणं. ऊसतोडीचा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन दारात. दिवाळीनंतर नवरा-बायको कोयता घेऊन सांगली-कोल्हापूर नाहीतर कर्नाटकात. आता याचा खटला अंबाजोगाईला आणि हा कारखान्याच्या थळात, म्हणजे ऊसतोड्यांच्या वस्तीवर, कोपीत. तारीख चुकते. दुसरी चुकते. वॉरंट निघतं. मार्चमध्ये गावी आला की स्टँडवरच उचलतात. गुन्हा काही नवा नसतो, फक्त ऊस तोडत होता. मी हे चार वेळा पाहिलं तेव्हा अक्कल आली. आता उचल घ्यायच्या आधीच वकिलाकडे नेतो. कुठल्या तारखेला प्रत्यक्ष यावंच लागेल, कुठल्या तारखेला हजेरी माफीचा अर्ज चालेल, ते लिहून घेतो आणि मुकादमाला तोंडावर सांगतो की या या दिवशी याला सोडावं लागेल. मुकादम कुरकुरतात. पण पोलीस फडावर आलेले त्यांनाही नको असतात. कोपीवरून रात्री आठनंतर फोन लागतो, त्याआधी कुणाला उसंत नसते.

पैसे देता का?

हातात नाही. बसचं तिकीट, औषध, खोलीचं पहिलं भाडं थेट मालकाला, इतपत.

मी एकदा नियम मोडला. भज्याच्या गाड्यासाठी तीन हजार दिले, परत देण्याच्या बोलीवर. गाडा चालला नाही. त्यानंतर तो माझी गल्ली टाळून दुसरीकडून जायला लागला, फोन उचलेना, आणि वर्षभराने कळलं की हैदराबादला गेला. तीन हजारांत माझा माणूस गेला. नुसते देऊन टाकले असते तर आला असता बहुतेक.

धर्म बदलावा लागतो का?

नाही. आमच्याबरोबर आतापर्यंत आलेल्यांत बहुतेक जण हिंदू, बौद्ध, मुसलमान होते आणि तसेच आहेत. जेवण, कागद, कोर्ट यांतलं काहीही उपासनेला येण्यावर अवलंबून नाही. सदसद्विवेकाचं स्वातंत्र्य संविधानाच्या २५ व्या कलमाने सगळ्यांना दिलंय. ज्याला आपण जेवू घालतो त्याला नाही म्हणणं जड जातं, हे विसरणारा सोबती आम्हाला नको.

कुणी स्वतःहून बाप्तिस्मा मागितला तर? पहिल्या वर्षात नाही म्हणतो. पाळकांपैकी काहींना हे पटत नाही. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो, जी आपले लोक सांगायला कचरतात: १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांना आहे, ख्रिस्ती झालेल्याला तो राहत नाही. लेकराची शिष्यवृत्ती, वसतिगृह, सवलत यांचा प्रश्न आहे. ते माहीत असून कुणी ठरवलं तर त्याचा विश्वास त्याचा.

मग ख्रिस्ती कशाला म्हणवता, असं विचारतात. आम्ही जातो ते ख्रिस्तामुळे जातो. एवढंच.

मंडळी अशा माणसाला स्वीकारते का?

बाकावर जागा देते. घरी चहाला बोलवायला दोन वर्षं लावते.

जालन्याजवळ बेथेलची वसाहत रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी १९ व्या शतकात वसवली, ती गावकुसाबाहेरच्या माणसांना घेऊनच. आपण त्यांचे नातू-पणतू. तरी सुटून आलेला शेजारी बसला की पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली जाते, मी स्वतः पाहिलंय. ती बाई वाईट नाही. पुढे तिनेच त्याच्या मुलीला शिवण शिकवलं.

लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेल्याचं काय?

सोबत करतो, पण अटी लेखी. संडे स्कूल, लेकरांची शिबिरं, मुलं असलेल्या घरात मुक्काम, हे कायमचं बंद. उपासनेला येईल तेव्हा सोबती शेजारी बसेल. पाळकाला आणि दोन वडीलधाऱ्यांना माहीत असेल. अटी मान्य नसतील तर आम्ही नाही. मुलावर अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं कळलं तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे. 'त्याने विश्वासाने सांगितलं' ही सबब तिथे चालत नाही.

बायकांसाठी सोबती असतात का?

तीन आहेत, तिघी बायका. बाईसाठी बाईच.

बाई आत गेली की भेटायला येणारे लवकर आटतात. नवऱ्यासाठी बायको डबा घेऊन वर्षानुवर्षं येते, उलट क्वचित. सुटल्यावर सासरचं दार बंद, माहेरचं अर्धं उघडं. लेकरं बहिणीकडे, वसतिगृहात, कुठे कुठे वाटलेली. महाराष्ट्रातल्या तुरुंगांत 'गळाभेट' होते, कैद्याला आपल्या मुलांना जवळ घेऊन भेटता येतं. ज्या आईला ती मिळाली तिला बाहेर आल्यावर मूल ओळखतं. जिला नाही, तिला 'मावशी' म्हणतं.

आमच्या एका ताईंनी सांगितलेलं. सुटून आलेली बाई त्यांच्याकडे आठवडाभर राहिली आणि रात्री दिवा मालवू देईना. बराकीत दिवा रात्रभर चालू असतो. अंधारात झोपायचं कसं ते ती विसरली होती. ताई पाचव्या दिवशी दिवा मालवून तिच्या शेजारी चटईवर जाऊन झोपल्या.

पोलीस त्रास देतात का?

काही देतात, काही मदत करतात. ठाण्यावर नवा साहेब आला की चित्र बदलतं. भागात चोरी झाली की आधी याला बोलावणं येतं. सणाआधी चॅप्टर केस होते, म्हणजे शांत राहीन असं आधीच लिहून घेतात. तडीपारी झाली तर ती जास्तीत जास्त दोन वर्षांची. अशा वेळी दुसऱ्या जिल्ह्यातला सोबती जोडून देतो. बोलावणं आलं तर एकट्याने जायचं नाही, टाळायचंही नाही. सोबती बरोबर जातो, बाहेर बाकावर बसतो, कुणाशी हुज्जत घालत नाही. बाकावर कुणीतरी बसलेलं दिसलं की आतला आवाज खाली येतो.

पारधी वस्तीवरच्या माणसाला हे दुप्पट भोगावं लागतं. १८७१ च्या ब्रिटिश कायद्याने मारलेला 'गुन्हेगार जमात' हा शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ ला पुसला गेला. कागदावर.

दारू परत सुरू झाली तर?

होते. सोबत तोडत नाही, पण पिऊन आलेल्या दिवशी भेट नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या मराठी बैठकांना नेतो. ते लोक आमच्यापेक्षा चांगलं करतात.

आणि परत गुन्हा केला तर?

तोही केलाय. माझ्याबरोबरच्या दोघांनी. पहिल्या वेळी मी महिनाभर कुणाला तोंड दाखवलं नाही, जणू चोरी मी केली होती. दुसऱ्या वेळी मुलाखतीच्या दिवसाची चौकशी केली. एखादा बेत आधी कळला तर मात्र आम्ही पोलिसांना सांगतो, आणि हे पहिल्याच भेटीत बोलून ठेवलेलं असतं.

मला सोबती व्हायचं आहे. काय लागतं?

वर्षभराचे मंगळवार. किंवा कुठलाही वार, पण तोच. सहा महिने जुन्या सोबत्याबरोबर जायचं, आपण बोलायचं नाही. आपल्याच गावातला माणूस घ्यायचा नाही. गुन्ह्याचे कागद वाचायचे, पण त्याने काढल्याशिवाय विषय काढायचा नाही. आपला पत्ता लगेच द्यायचा नाही. वही ठेवायची. पाळक असाल तर जरा कठीण जाईल, तुम्हाला शांत बसवत नाही.

सोबत संपते कधी?

वर्ष ठरलेलं असतं, पण खरं तर फोन कमी होत जातात. एकाला मी परवा नेहमीच्या वेळी लावला. "मामा, नंतर करतो, गिऱ्हाईक आलंय," म्हणाला आणि ठेवून दिला. अजून केलेला नाही.

जुने कपडे देता येतील का?

कपडे नकोत, खूप आहेत. चपला द्या. नव्या, पुरुषांच्या सात ते नऊ नंबर. बायकांच्या पाच आणि सहा.